चढावर धरलेली गाडी

१

चोपन्नाव्या वर्षी बाईमाणसाने नवीन काय शिकावं याची एक यादी लोकांच्या मनात तयार असते आणि त्या यादीत गाडी नसते. तिच्या स्वतःच्या यादीतही नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, एकोणतीस वर्षं. काच फिरत्या दगडावर धरायची, कड उतरवायची, फ्रेममध्ये बसते का बघायचं, नाही बसली तर पुन्हा केसभर घासायची. केसभर म्हणजे किती, हे तिच्या बोटांना पाठ होतं. दुकानात गर्दी झाली की पुढे येऊन ती लोकांचे डोळेही तपासायची. एक भिंग लावायची, काढायची, दुसरं लावायची आणि विचारायची, पहिलं बरं की दुसरं? दिवसभर हेच करून संध्याकाळी घरी यायची, आणि घर चढावर होतं.

चढ म्हणजे साधासुधा नव्हे. सायकलवाले खालीच उतरून सायकल हातात धरून वर येत. पिशव्या घेऊन चालणारी माणसं मधल्या विजेच्या खांबापाशी थांबून, उगाच खिसे चाचपल्यासारखं करून दम खात. ज्याच्याकडे गाडी होती त्याने फाटकापाशी एक दगड ठेवलेला असे, गाडी उभी केली की चाकामागे लावायला. हँडब्रेकवर त्या रस्त्यावरच्या कुणाचाच विश्वास नव्हता.

नवरा जाऊन दोन वर्षं होत आली होती. गाडी फाटकाच्या आत तशीच उभी होती. मुलगी महिन्यातून एकदा यायची, पाच मिनिटं गाडी सुरू ठेवायची आणि बंद करून आत चहाला यायची. जावयाचं म्हणणं होतं की उभी गाडी सडते. मुलीचं म्हणणं त्याहून सरळ होतं. आई चालवणार असेल तर गाडी राहू दे, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकू. एवढं रास्त बोलणं ऐकून कुणालाही राग यावा, तसा तिला आला.

"मी चालवणार," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

तिला गाडी चालवायची हौस नव्हती. गाडीतला आरसा अजून नवऱ्याच्या उंचीला लावलेला होता, सीटची पाठ त्याच्या पाठीच्या कलाने झुकलेली होती. ती कधीकधी दुपारी जाऊन शेजारच्या सीटवर बसायची, नेहमीच्या आपल्या जागेवर, आणि पाच-दहा मिनिटांनी उठून यायची. गाडी गेली तर ही जागाही जाणार होती. परीक्षा दोन महिन्यांनी होती. पास झाली तर गाडी राहणार, नापास झाली तर जाणार, असा मायलेकींमध्ये करार झाला.

२

शिकवायला मास्तर होते. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. त्यांच्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता, त्यामुळे पहिले तीन आठवडे गाडी नक्की कोण चालवतंय हे तिला कळलंच नाही. सपाट रस्त्यावर ती बरी जमली. चढ मात्र जमेना. चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की तिचे दोन्ही पाय एकदम वर यायचे, गाडी मागे घसरायला लागायची आणि मास्तरांचा ब्रेक लागायचा.

"ताई, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात कसा काढतो आपण? तसा क्लचवरचा पाय काढायचा," मास्तर सांगत. "अर्ध्यावर आला की गाडी थरथरते. थरथरली की समजायचं, आता तिने भार घेतला. मग हँडब्रेक सोडायचा. त्याच्या आधी नाही."

तिला सगळं समजत होतं. समजून पाय ऐकत नव्हते. शेवटी मास्तर म्हणाले, परीक्षा तुमच्याच गाडीवर द्यायची तर शिकायचंही तिच्यावरच. एका रविवारी सकाळी आठच्या सुमाराला त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली, खाली नेऊन वळवली आणि तिच्या ताब्यात दिली. तिने आरसा आपल्या उंचीला खाली ओढला. दोन वर्षं सांभाळलेली नवऱ्याची नजर आपण एका बोटाने पुसली, असं तिला वाटलं.

खांबापाशी मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला. मग ते म्हणाले की आधी तिची भीतीच घालवू. हँडब्रेक हळूच सोडायचा, गाडी वीतभर मागे जाऊ द्यायची आणि पायाने ब्रेक दाबायचा. मागे जाणं म्हणजे मरण नव्हे हे एकदा कळलं की पाय शहाणे होतात.

तिने हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही.

"पायातला ब्रेक सोडा की ताई."

"सोडलाय."

मास्तरांनी वाकून पाहिलं. तिचे दोन्ही पाय सीटजवळ घेतलेले, एकमेकांना चिकटलेले. हँडब्रेक खाली. गिअर कशातच नाही. आणि गाडी त्या उभ्या चढावर टेबलावर ठेवल्यासारखी शांत उभी. मास्तर उतरले, मागे जाऊन चाकं बघून आले. चाकामागे दगड नव्हता. त्यांनी तिला उतरवलं, स्वतः बसले आणि हँडब्रेक सोडला. गाडी लगेच मागे निघाली. त्यांना ब्रेक मारावा लागला.

"कुठेतरी अडकत असेल," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या हळू आवाजात बहुधा काहीच म्हटलं नसेल.

३

गॅरेजवाल्याने चारही चाकं काढून पाहिली. ब्रेकमध्ये काही दोष नव्हता. त्याने गाडी उतारावर नेली, सोडली, धरली, पुन्हा सोडली. गाडी एखाद्या गुणी मुलीसारखी वागली. तुम्हाला तसं वाटलं असेल, तो म्हणाला. तिने ते मान्य केलं. दुकानात रोज लोक तिला नसलेलं अक्षर वाचून दाखवत असत आणि अगदी खात्रीने वाचत. डोळ्यांवर, मनावर किती भरवसा ठेवायचा हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती एकटीच गाडी घेऊन बाहेर पडली. खाली सपाट रस्त्याने वळसा घालून आली, चढाला लागली आणि खांबापाशी थांबली. रस्ता रिकामा होता. हँडब्रेक सोडला, पाय उचलले.

गाडी आधी बोटभर मागे गेली. मग मागे काहीतरी लागलं, मऊ आणि पक्कं, आणि ती थांबली.

तेव्हा तिला आठवलं. खरं म्हणजे तिला ते पहिल्या दिवशीच आठवलं होतं, तिने वर येऊ दिलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी हीच गाडी नवी होती आणि नवऱ्याने तिला शिकवायचं मनावर घेतलं होतं. मुलगी पाच वर्षांची, मागच्या सीटवर. ह्याच खांबापाशी गाडी बंद पडली. नवरा चाकामागे दगड लावायला उतरला आणि ती घाबरून दोन्ही पाय वर घेऊन बसली. गाडी घसरायला लागली. त्याने डिकीला पाठ लावली, टाचा रोवल्या आणि गाडी पाठीवर घेतली. "घाबरू नको, मी धरलीय," एवढंच तो म्हणाला, आणि तिला काही केल्या हँडब्रेक सापडेना. समोरच्या घरातला माणूस धावत आला आणि त्याने खिडकीतून हात घालून तो ओढला, तोवर नवरा तसाच उभा होता. त्यानंतर नवऱ्याचा उजवा खांदा कधीच धड झाला नाही. सकाळी शर्ट घालताना तो दातातून श्वास ओढायचा. त्यावरून त्याने तिला एकदाही टोमणा मारला नाही आणि तेच तिला जन्मभर लागलं. तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आता ती चढावर, हँडब्रेक न लावता, पाय उचलून बसली होती आणि पडत नव्हती. तिला रडू आलं. भीतीचं मुळीच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचा भार घेतला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली. उत्तर आलं नाही. उत्तर देणाऱ्यातला तो कधीच नव्हता.

४

मग ती रोज जायला लागली. दुकानातून आली की कपडेही न बदलता गाडी काढायची. मुलीला फोनवर सांगायची, सराव चाललाय. सराव कसला, तिने शिकायचं सोडूनच दिलं होतं. मास्तरांसमोर ती गाडी मुद्दाम बंद पाडायची. अर्ध्या क्लचवर गाडी थरथरली, भार घेते म्हणाली, की ती पाय सोडून द्यायची. कारण एकदोनदा तिने गाडी नीट उचलली होती आणि त्या वेळी मागे काहीच लागलं नव्हतं. जमलं की तो नव्हता. चुकलं की होता. मग चुकण्यातच सुख होतं आणि ती ते पोटभर घेत होती. दुकानात मालक म्हणाले की मावशी अलीकडे गुणगुणतात.

एका संध्याकाळी गाडी आत घेतल्यावर तिला डिकीवर धुळीत एक पुसलेला पट्टा दिसला. खांद्याएवढा रुंद, कमरेपासून वर. तिने त्या दिवसापासून गाडी धुतली नाही.

दुसऱ्या दिवशी ती खांबापाशी चालत गेली. डांबरावर दोन ओरखडे होते, शेजारी शेजारी, बुटाच्या टाचांच्या अंतरावर. तिच्या पर्समध्ये डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी कायम असायची. तिने खाली बसून ओरखडे मोजले, का मोजले तिलाच ठाऊक. दोन बोटं भरले. पुढच्या आठवड्यात चार बोटं. त्याच्या पुढच्या आठवड्यात वीतभर, आणि खालच्या टोकाला खोल, जिथे टाच थांबायला धडपडते तिथे. एका वाटसरूने विचारलं की काही हरवलं का. ती म्हणाली, कानातलं. आणि तो बिचारा पाच मिनिटं तिच्याबरोबर शोधत बसला.

गाडीच्या टायरचे असतील, तिने स्वतःला समजावलं. टायर एवढे अरुंद नसतात, हेही तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिने खिडक्यांच्या काचा खाली घेतल्या आणि इंजिन बंद करून पाय उचलले. गाडी मागे गेली. पूर्वी बोटभर जायची, आता हातभर गेली आणि मग थांबली. खालच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. त्याच्या अलीकडे, अगदी डिकीपाशी, कुणीतरी दातातून श्वास ओढला.

तिने हँडब्रेक इतक्या जोरात ओढला की मनगट दुखलं. ज्या आवाजासाठी तिने दोन वर्षं घर उलटंपालटं केलं असतं, तो ऐकून तिला स्वतःची शरम वाटत होती. ती रोज येऊन बसत होती, पोटभर सुख घेत होती, आणि तो रोज एवढं ओझं त्याच मोडक्या खांद्यावर घेत होता. एकदाही बोलला नाही. ह्याही वेळी नाही.

५

उरलेल्या बारा दिवसांत ती शिकली. मास्तरांना कळेना की ताईंना एकाएकी काय झालं. क्लचवरचा पाय ती केसाकेसाने सोडायची, काच घासावी तशी, आणि गाडी थरथरून पुढच्या चाकांवर भार घेईपर्यंत हँडब्रेकची मूठ सोडायची नाही. एकदाही मागे काही लागलं नाही. घरी येऊन ती न जेवता झोपायची. आपण त्याला रोज थोडं थोडं घालवतोय हे तिला कळत होतं, आणि आता त्याला सुटी मिळू दे, हेही मनापासून वाटत होतं. दोन्ही खरं होतं. पहिलं बरं की दुसरं, हे तिला कुणी विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

परीक्षेत ती पास झाली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने चढाच्या वेळी कागदावरून मान वर केली, "पूर्वी चालवत होता का?" असं विचारलं आणि सही केली. परत येताना मास्तर चढाच्या पायथ्याशी उतरले. इथून पुढे एकटीनेच जायचं, ते म्हणाले, आणि कपाळाला हात लावून त्यांनी बसवाल्यांचा सलाम ठोकला.

दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं. वर फाटकापाशी मुलगी उभी असलेली तिला खालूनच दिसली.

खांबापाशी ती थांबली. थांबायचं काही कारण नव्हतं. एकदा शेवटचं नीट निघावं, त्याच्या देखत निघावं, एवढंच तिच्या मनात होतं. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच अर्ध्यावर आणला. गाडी थरथरली. तिने मूठ सोडली आणि गाडी सरळ वर निघाली. तिने आरशात पाहिलं.

रस्त्याच्या मध्यात एक माणूस तिच्याकडे पाठ करून उभा होता. अंग मागे झुकलेलं, टाचा रोवलेल्या, दोन्ही हात मागे, पंजे उघडे. जशी गाडी पाठीवर धरावी तसा. पण गाडी पुढे निघून आली होती आणि त्याच्या पाठीमागे आता काही नव्हतं. त्याला ते कळलं नव्हतं. तो हवेला पाठ लावून जोर करत होता, आणि हळूहळू खाली सरकत होता.

तिने ब्रेक दाबला. चष्मा काढला. आरशात सगळं धूसर झालं आणि त्या धुसरात तो होता. चष्मा घातला. होता. नवरा गेला तेव्हा त्याचे केस अर्धे काळे होते. हे डोकं पांढरंशुभ्र होतं आणि शर्टात खांदे राहिले नव्हते, नुसती हाडं. दोन वर्षांत माणूस इतका थकतो?

ती वळून मागच्या काचेतून बघायला लागली. रिकामा रस्ता, ऊन, खांब. पुन्हा आरशात पाहिलं. तो आणखी वीतभर खाली गेला होता. त्याच्या खाली मोठा रस्ता होता.

मागे जाताना मान पूर्ण वळवून बघायचं, आरशावर विसंबायचं नाही, असं मास्तरांनी शंभरदा घोकून घेतलं होतं. तिने मान वळवली नाही. नजर आरशात ठेवून तिने ब्रेक केसभर सैल केला, पुन्हा धरला, पुन्हा सैल केला. गाडी इंच इंच मागे जायला लागली. वरून मुलीची हाक आली. तिने लक्ष दिलं नाही. आरशात ती पाठ मोठी होत गेली, मग आरशात नुसते पांढरे केस राहिले, मग काचेच्या कडेखाली तेही गेले. मागे काहीतरी लागलं, अगदी हलकं.

ह्या वेळी तिने पाय उचलले नाहीत. ब्रेक घट्ट दाबला. दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला, शेवटच्या दातापर्यंत, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली. आता गाडी तिने धरली होती. मागे कुणाला जोर करायची गरज नव्हती.

बराच वेळ काही झालं नाही. मग गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसला. कुणीतरी उभ्याउभ्या झगडायचं सोडून अंग टाकावं तसा.

मुलगी चपला वाजवत उतारावरून खाली आली. गाडी मागे आलेली पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुठे ठोकली तर नाही ना हे बघायला ती आधी डिकीकडे गेली. मागून येताना तिला गाडीला लागून सरळ येता आलं असतं. पण ती दोन पावलं बाहेरून वळसा घेऊन आली, वाटेत बसलेल्या माणसाला टाळून जावं तशी. आपण वळसा घेतला हे तिच्या ध्यानातही आलं नसेल.

ती दार उघडून आईच्या शेजारी बसली. आधी रागावली, मग पास झाल्याबद्दल तिने आईचा हात दाबला. म्हणाली, गाडी अशी रस्त्याच्या मध्यात नाही ठेवता येणार, दमली असशील तर उतर, मी घेते वर. आणि बोलता बोलता तिने हँडब्रेकवर हात ठेवला.

आईने तिचं मनगट धरलं.

"नको गं," ती म्हणाली. "आत्ताच टेकलेत. बसू दे जरा."

मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मागे वळून बघावं असं तिला वाटलं असावं, पण ती वळली नाही. हँडब्रेकवरचा हात तिने हळूच उचलला, मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसून राहिली.